तापलेल्या दुधाचा आळ

मांढळ, ता. ३ नोव्हेंबर १९७५

चि. सौ. जयवंता हिस गोपिकाबाईचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

वि. वि. माह्या पोराचं, ताराचंदचं कार्ड भेटलं. डॉक्टरनं नातवाचं पोट फाडलं हे कवडू मास्तरनं दोनदा वाचून दाखवलं. अर्धी वस्ती ओट्यावर ऐकून राहिली होती. आठ महिन्यांचं लेकरू वं! तू हिंगण्याच्या कारखान्यातून उन्हातान्हात बसनं येते अन् तशीच सुगतले अंगावर घेते. तापलेलं दूध पोटात गेल्यावर आतडं काहून नाही अडकणार? शेजारची यमुताई एरंडेल लावून पोट चोळून देत होती, तर तू तिचा हात धरला म्हणे. इथल्या साऱ्या बाया तुलेच बोलून राहिल्या.

आता माहं ऐक. नोकरी सोड, नाही तर सुगतले इथं आणून ठेव. मी सांभाळीन. तुह्या पगाराविना माह्या पोराचं घर अडत नाही.

मास्तरनं मी बोलली तसंच लिहिलं आहे. लोभ आहे म्हणूनच बोलते.

तुही सासू गोपिकाबाई


नागपूर, ता. ९ नोव्हेंबर १९७५

ति. आत्याबाईंस जयवंताचा सादर जयभीम.

वि. वि. सुगतचे टाके निघाले. काल वरणाचं पाणी पिऊन त्यानं वाटी भिरकावूनही दिली. तुमचं पत्र वस्तीपुढं लिहिलं गेलं, तर माझंही ओट्यावरच वाचायला लावा. मास्तरांनी एक ओळ गाळायची नाही.

दुधाचा आळ मी अंगावर घेणार नाही. सुगतला आधी चार-पाच दिवस सर्दी-ताप होता. मग एकाएकी गुडघे पोटाशी घेऊन किंचाळायचा, पाच मिनिटांनी गप्प, पुन्हा तेच. हिरवी ओकारी झाली, लंगोटात रक्ताचा शेंबूड दिसला. तेव्हा मी यमुताईंचा हात धरला. हो, धरला, आणि पुन्हा धरीन! तशीच रिक्षा करून दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या की बंडी काढताना बाही अर्धी आत अडकते, तसं एक आतडं दुसऱ्यात शिरलं होतं. ते चोळून सुटत नाही, आणि उशीर झाला असता तर सडलंच असतं. मी यांच्यादेखत दुधाचं विचारलं. त्या म्हणाल्या, पुष्कळ लेकरांना हे सर्दीच्या नाही तर जुलाबाच्या व्हायरसनंतर होतं. आतड्यातल्या बारीक गाठी सुजतात, आणि आतडं त्या गाठीला घास समजून पुढं ढकलत नेतं. दुधाचा काडीचा संबंध नाही, अंगावर पाजणं मुळीच सोडू नको.

घरात आधी सर्दी कोणाला होती, हेही त्यांनी विचारलं. मी माहीत नाही म्हटलं, आणि इथंही लिहीत नाही. लेकरू सगळ्यांच्याच मांडीवर खेळतं.

नोकरी मी सोडणार नाही आणि सुगत माझ्यापाशीच राहील. हे म्हणतात, आईला दुखवू नको. मी म्हटलं, खरं दुखत असेल तर दुखू द्या.

राग खुशाल धरा, माया मात्र आखडू नका.

तुमची जयवंता


मांढळ, ता. १६ नोव्हेंबर १९७५

चि. सौ. जयवंता, तुले जयभीम अन् आशीर्वाद.

वि. वि. पत्र ओट्यावर वाचलं, एक ओळ गाळली नाही. माहं तोंड लाल झालं होतं. मास्तरच्या हातून कागद हिसकणारच होती मी, तेवढ्यात सर्दीची गोष्ट आली.

दसऱ्याले दीक्षाभूमीले आली अन् तुह्या घरी राहिली, तेव्हा नाक माहंच गळून राहिलं होतं. ज्या पदरानं नाक पुसत होती, त्याच पदरानं सुगतचं तोंड पुसत होती. तीन दिवस! तू पाहून राहिली होती. साऱ्या वस्तीपुढं मी तुह्यावर आळ घेतला, अन् तू माहं नाव लिहिलं नाही. लय लाज वाटली वं.

मंग म्याच उभी राहून सांगतलं, सर्दी माही होती. वस्तीतली पार्वतीबाई म्हणे, ते जाऊ दे, पण लेकुरवाळीनं कामावर जावंच काहून? तिले म्हटलं, सून माही आहे, बोलायचं तर मी बोलीन, तू कोण वं? भांडण झालं मोठं.

सोमवारच्या एसटीनं येऊन राहिली. नाक कोरडं आहे, मास्तरले दाखवून घेतलं. तुही बस एक दिवस चुकू देणार नाही मी. अन् संध्याकाळी उतरली की उन्हातून आली तशीच आधी सुगतले अंगावर घे. मी दारात उभी राहीन. कोण काय म्हणते ते मले म्हणू दे.

भेटीपर्यंत लेकराले अन् तुले माहे मुके.

गोपिकाबाई