एका फोटोपुरती नेल गन

१० मार्च २०१४, सोमवार

अक्का गौलीगुड्याहून येऊन गेली. थोरली बहीण असल्यामुळे बेल न वाजवता आत येते आणि पाणी पिण्याआधी चुका काढते. आजचा विषय फोटो. माझी बायको पद्मा गेली त्याला जूनमध्ये वर्ष होईल. तिचा फोटो मोठा करून, फ्रेम करून आणला, तो अजून तिच्या वेताच्या खुर्चीवरच आहे. अक्का म्हणाली, नाथा, गेलेल्या माणसाला खुर्चीत बसवून ठेवत नाहीत. आलेल्यानं बसायचं कुठं? वर्षश्राद्धाच्या आत भिंतीवर लाव. एक खिळा ठोकायचाय, धरण बांधायचं नाहीये.

मी इरिगेशन खात्यातून रिटायर झालो म्हणून हा टोला.

हॉलमध्ये एकच खिळा आहे. त्यावर माझ्या निरोप समारंभाचा फोटो आहे, शाल-नारळासकट. तो हलवण्याचा प्रश्न येत नाही. तो खिळा पद्मानं खलातल्या बत्त्यानं ठोकला होता. मूठभर प्लास्टर खाली आलं आणि माझा फोटो कायमचा डावीकडे झुकला. हातोडी, बत्ता, सगळी अडाणी साधनं. किळस येते.

संध्याकाळी खुर्ची टीव्हीकडे वळवून ठेवली. खिडकीतल्या उन्हानं फोटोचा रंग उडतो म्हणून.

१३ मार्च

विचार पक्का. खिळा नाही, खोली. गच्चीवर लाकडी खोली बांधायची, तिथे पद्माचा फोटो लावायचा. ती एकदा म्हणाली होती, संध्याकाळी गच्चीवर बसायला काहीतरी हवं. बहुतेक चटई म्हणाली होती. पण भावार्थ खोली.

कॉम्प्युटरवर व्हिडिओ पाहिले. अमेरिकेत एकेक जण एकट्यानं अख्खं घर उभं करतो. हातोडी नाहीच. नेल गन. टोक लाकडाला टेकवायचं, घोडा दाबायचा, खिळा आत. आवाज एकदाच. आपल्याकडे सुतार दिवसभर ठाकठोक करतो आणि मधे तीनदा चहा मागतो.

सुरक्षिततेचाही अभ्यास केला. गन दोन प्रकारच्या. एकीत दर खिळ्याला टोक टेकवून घोडा नव्यानं दाबावा लागतो. दुसरीत घोडा दाबून ठेवला की टोक जिथे टेकेल तिथे खिळा सुटतो. दुसरी मूर्खांसाठी आणि घाई असलेल्यांसाठी. मला पहिलीच हवी. शिवाय डोळ्यांना गॉगल, कानांना संरक्षण, पायात बूट. यात तडजोड नाही.

१५ मार्च

गौलीगुड्यात हत्यारांच्या दुकानात गेलो. रस्त्याला पानाच्या पिचकाऱ्या, दुकानात माश्या. दुकानदार म्हणाला, चचा, हातोडा लेलो, जिंदगी निकल जाती. मी शांतपणे नेल गन म्हणालो. इरिगेशनमध्ये होतो हेही सांगितलं. तेव्हापासून तो इंजिनियर साब म्हणू लागला. मी एस्टॅब्लिशमेंट सेक्शनला सुपरिंटेंडेंट होतो हा खुलासा करण्याची गरज वाटली नाही.

एकेक खिळ्याची गन मागितली. तो हसायला लागला. म्हणाला, साब, शादी में एक-एक पटाखा फोड़ते क्या? लड़ी लगाते ना? तुमच्यासारख्या इंजिनियर लोकांसाठीच ही दुसरी गन असते.

दुसरी घेतली. शेवटी यंत्र चालवणारा कोण, यावर सगळं असतं. गॉगल घेतला नाही. चष्म्यावर बसत नाही. चष्मा हाही एक प्रकारचा गॉगलच.

१६ मार्च

गन चालत नाही. तिला हवा लागते, आणि हवेसाठी कॉम्प्रेसर. हे खोक्यावर लिहिलेलं आहे, पण खालच्या बाजूला. खालच्या बाजूला लिहिणाऱ्या कंपन्यांचा तिटकारा येतो.

२ एप्रिल

उशीर माझ्यामुळे नाही. लाकूड येत नाही. लॉरीवाला म्हणतो, राज्य वाटून होऊ द्या, मग बघू. भाजीवालाही तेच म्हणतो. दोन राज्यांच्या वाटणीत माझ्या फळ्यांचा काय संबंध, हे कुणी सांगत नाही. ऑफिसातले जुने लोक भेटले की एकच बोलतात, कोण इकडे राहणार, कोण तिकडे जाणार. मला कुणी विचारत नाही. मी रिटायर्ड, दोन्हीकडे नको असलेला.

अक्काचा फोन. फोटो लावला का? मी म्हणालो, काम प्रगतिपथावर आहे. ती म्हणाली, ही ऑफिसची भाषा माझ्याशी नक्को. वर विचारलं, फोटोशी बोलत बसतोस का रे?

मी फोटोशी बोलत नाही. पद्मा बघायची ती मालिका मात्र चालू ठेवली आहे. सासू अंथरुणाला खिळून पाचवा महिना, पण मरत नाही. किळसवाणा प्रकार. उद्या काय होतं ते बघायला हवं.

९ एप्रिल

खालच्या मजल्यावरचे हणमंतराव भाडेकरू असूनही मालकासारखे बोलतात. जिन्यात गन बघून म्हणाले, एकनाथराव, इलेक्शन लागलंय. बंदुका ठाण्यात जमा करायच्या असतात. तुम्ही केली का?

थट्टाच असणार. पण नियम तो नियम. गन साडीच्या पिशवीत घालून ऑटोनं पोलीस ठाण्यात गेलो. सब-इन्स्पेक्टरनं ती उलटीसुलटी केली, नळीच्या भोकातून पाहिलं आणि विचारलं, इसमें गोली किधर डालते? मी म्हणालो, गोळी नाही, खिळे. दोन इंची. त्यानं आतल्या सगळ्यांना बोलावलं. सगळे हसले. एकानं विचारलं, घर में मच्छर बहुत हैं क्या चचा? लेखी पावती मागितली तर मिळाली नाही. कायदा पाळणाऱ्याची या शहरात ही किंमत.

परत आल्यावर हे कुणाला सांगितलं नाही. खुर्चीकडे बघून एवढंच म्हणालो की पिशवी तुझी होती. याला बोलणं म्हणत नाहीत.

२६ एप्रिल

लाकूड आलं. पाइनच्या पट्ट्या आणि प्लाय. एका पट्टीत किडे घर करून आहेत. कॉम्प्रेसर पंक्चरवाल्याकडून भाड्यानं आणला. त्यावर ग्रीसचा थर. हात धुऊन धुऊन साबण संपला.

यंत्र लावलं, हवा भरायला लागली, करंट गेला. करंट आला तेव्हा पंक्चरवाला कॉम्प्रेसर न्यायला आला. त्याला टायर भरायचा होता.

४ मे, रविवार

आज उद्घाटन. कॉम्प्रेसर पुन्हा भाड्यानं आणला. सगळी पथ्यं पाळली. बूट घातले. कानात कापूस. गच्चीवर हणमंतरावांच्या सावित्रीबाईंनी कुरडया वाळत घातल्या होत्या, त्यांना विनंती केली की एका बाजूला घ्या. त्या म्हणाल्या, भाऊजी, तुम्ही तुमची तोफ चालवा, माझ्या कुरडया कुठं पळून जात नाहीत. खालच्या दोन्ही बिऱ्हाडांतले लोक बघायला आले. हणमंतरावांनी सलाम ठोकला.

प्लाय उभा करून पट्टीला टेकवला. घोडा दाबला. पहिला खिळा अप्रतिम गेला. इतकं स्वच्छ काम या घरात आजवर झालेलं नाही.

पण गन मागे उसळली, पुन्हा पुढे आली आणि तिचं टोक पट्टीच्या बाजूला प्लायवर आपटलं. माझं बोट घोड्यावरच होतं. दुसरा खिळा आपोआप सुटला. प्लाय पातळ होता. त्याच्यामागे पाण्याची टाकी होती, तिच्यात आरपार. मागे काय आहे ते आधी बघावं असं गनसोबतच्या पुस्तिकेत आहे. मी बघितलं होतं. टाकी होती.

धार थेट कुरडयांवर. सावित्रीबाई ओरडत धावल्या. कापसामुळे नीट ऐकू आलं नाही, हा कापसाचा फायदा. हणमंतराव भोकावर अंगठा धरून उभे राहिले आणि म्हणाले, एकनाथराव, आता मी असाच उभा राहू की राज्य झाल्यावर सोडू?

दोन दिवस बिल्डिंगला पाणी नाही. उन्हाळ्यात. लोक किती क्षुद्र गोष्टींवरून बोलतात.

ठराव: यापुढे खिळा सुटला की बोट ताबडतोब घोड्यावरून काढणे. थोडक्यात, मूर्खांची गन शहाण्यासारखी वापरणे.

१९ मे

प्रगती आहे. खोलीची एक भिंत उभी. तूर्त तिला भिंतीपेक्षा फळा म्हणणं योग्य. टाकीला दोरीनं बांधली आहे. सावित्रीबाई तिच्यावर चादरी वाळत घालतात. विचारून नाही.

उरलेल्या तीन भिंती आणि छप्पर दोन जूनच्या आत. तिथीनं वर्षश्राद्ध दोन जूनलाच येतं. त्याच दिवशी नवं राज्य. अक्का म्हणाली, पद्माला नेहमी गर्दीचाच दिवस सापडायचा.

२८ मे

वारा आणि वळवाचा पाऊस. फळा पडला. सावित्रीबाईंच्या चादरींसकट. खिळे जागेवर आहेत, लाकूडच त्यांना सोडून गेलं. यात गनचा दोष नाही, पाइनचा आहे. पाइन हे मुळातच कृतघ्न लाकूड.

१ जून, रविवार

उद्या श्राद्ध. अक्का पिशव्या घेऊन मुक्कामाला आली. आल्या आल्या खुर्चीकडे बोट करून म्हणाली, हे अजून इथंच? मग विचारलं, खोली कुठाय? तिला गच्चीवर नेलं. ती पडलेल्या फळ्याभोवती एक फेरी मारून आली आणि म्हणाली, नाथा, याच्यापेक्षा तू मला चटई दाखवली असतीस तरी मी छान म्हणाले असते.

ती भाजीला गेल्यावर निर्णय घेतला. खोली नंतर. आज हॉलमध्येच खिळा मारायचा, गननंच. पंक्चरवाल्याकडून कॉम्प्रेसर आणला होता, करंटही होता. सिमेंटवर वापरू नये असं पुस्तिकेत स्पष्ट आहे. पण ते रोज वापरणाऱ्यांसाठी असावं. मला एकच मारायचा होता.

खिडकीच्या वरची जागा निवडली. टोक टेकवलं. मारला.

आत बीम होती. खिळा वाकून परत आला. कानाजवळून गेला. मागे टक् असा आवाज झाला.

वळून बघितलं. वेताच्या खुर्चीच्या हातात रुतला होता. फोटोच्या काचेपासून चार बोटं.

फोटो उचलला. पुसला. काच ठीक आहे. फोटो घेऊन बराच वेळ जमिनीवर बसलो.

मग हवेची नळी काढली. काम थांबवलं की आधी नळी काढावी, असं पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर आहे. गन खोक्यात घातली. खोकं माळ्यावर. पंक्चरवाल्याला म्हणालो, ने तुझा कॉम्प्रेसर. तो म्हणाला, हो गया काम? मी हौ म्हणालो.

अक्काला काही सांगितलं नाही. तिनं खुर्चीच्या हातातला खिळा पाहिला. पकडीनं ओढून काढला आणि एकही चूक न काढता भाजी निवडायला बसली. हे तिच्या स्वभावाला धरून नव्हतं.

२ जून २०१४, सोमवार

शहरात सकाळपासून फटाके. प्रत्येक आवाजाला माझा हात कानाजवळ जात होता.

गुरुजी उशिरा आले. रस्ते मिरवणुकांनी बंद. पाट मांडायला त्यांनी दक्षिण कुठली विचारलं. इतक्या वर्षांत हे आमच्या घरात कुणी विचारलं नव्हतं. हणमंतरावांनी गच्चीवर जाऊन सूर्य बघून सांगितलं. गुरुजींनी त्या भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा भिंतीकडे. तिथे मी होतो. शाल-नारळासकट.

गुरुजी म्हणाले, ही पितरांची बाजू. जिवंत माणसाचा फोटो इथं कसा?

अक्कानं तोंडावर पदर घेतला. म्हणाली, अगं बाई, रिटायर झाल्यापासून हा आजोबा-पणजोबांच्या जागी लटकतोय. पाळी याची होती. आणि गेली ती.

सावित्रीबाई उगीच समईची वात पुढे करत राहिल्या. मी म्हणालो, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. उठून खिडकी उघडली. धूर होता.

मग अक्का स्टुलावर चढली. या वयात चढू नको म्हटलं तर म्हणाली, तुझ्या हातात काही द्यायची आता भीती वाटते. तिनं माझा फोटो काढून हणमंतरावांकडे दिला. खिळा हलवून पाहिला. बत्त्यानं ठोकलेला, पण तसूभर हलला नाही. पद्माचा फोटो तिनं त्यावर अडकवला.

सरळ बसला. माझा इतकी वर्षं वाकडाच होता.

जेवणं झाली. सगळे पद्माच्या हातच्या आमटीबद्दल बोलले, आणि आजची कशी तशी झाली नाही याबद्दल. अक्का गेली. जाताना म्हणाली, शहाण्यासारखा राहा. माझा फोटो फ्रिजच्या मागे ठेवला आहे.

खुर्ची रिकामी आहे. आता कुणी आलं तर बसू शकेल.

एक अडचण मात्र कुणाच्या लक्षात आली नाही. फोटो बरोबर टीव्हीच्या वर आला आहे. तिथून टीव्ही दिसत नाही. टीव्ही समोरच्या भिंतीला न्यावा लागेल, पण केबल पुरत नाही. केबलवाल्याला फोन केला. म्हणाला, साब, आज तो नया राज्य है, आज कौन काम करता? उद्या येतो म्हणाला.

मालिकेतली सासू आज मेली. सवयीनं खुर्चीकडे वळून सांगितलं. मग मान वर करून परत एकदा सांगितलं.