नावं ठेवायची परवानगी

इलाही बेटा, पोरीचं तोंड तू शिवून ठेवलंस आन् इथं हैदराबादला ते उसवायची पाळी माझ्यावर आली.

असो. तुला आन् सूनबाईला अम्मीची दुआ. माझे गुडघे बरे हायेत. इथलं पाणी जड, डाळ शिजता शिजत न्हाई. शेळी व्याली का?

तुझ्या तहमीनाचा चौथा इंटरव्ह्यू झाला. कम्प्युटरची मोठी कंपनी, त्यांच्या मालात काय बदलायचं ते ठरवायची नोकरी. साहेबानं विचारलं, "आमच्या ईमेलमध्ये काय चुकतंय?" ही म्हणाली, काही न्हाई, सगळं छान हाय. घरी त्याच ईमेलला रोज शिव्या घालते. मी म्हणलं, "मग तिथं का दातखीळ बसली?" तर म्हणे, "दादी, लोकांच्या दारात जाऊन नावं कशी ठेवायची? अब्बांना आवडत न्हाई."

शिक्रापूरच्या दावतीत आठ वर्षांची पोर सालन खारट म्हणाली, तवा तू तिला सगळ्यांपुढं माफी मागायला लावलीस. खारटच होतं ते. आन् तू स्वतः रांजणगावच्या कंपनीत दिवसभर मालातली खोट काढून पगार घेतोस.

साहेब भला, वीस तारखेला शेवटचं बोलावलंय. मी सांगून थकले, ती ऐकत न्हाई. फोनवर तू नुसता हूं हूं करतोस. म्हणून कागदावर लिही, की बेटा, तिथं खुशाल नावं ठेव, मी रागावणार न्हाई.

धाकट्या नौशादकडून लिहून घेऊ नकोस. पोरगी बापाचं अक्षर ओळखते. तूच लिही.