बारापैकी चार वर्ग

अब्बा,
अस्सलाम अलैकुम.

पदवीसाठी ऑनलाइन कॉलेज मला जमेल का, हे ठरवायला मी दोन आठवडे त्यांचे फुकटचे वर्ग करून पाहिले. तळोज्याच्या कारखान्यात प्रेशर गेज दुरुस्त करण्याआधी आम्ही त्याचा चुकीचा आकडा, म्हणजे रीडिंग, जसाच्या तसा लिहून ठेवतो, मगच हात लावतो. तसंच मी स्वतःचं लिहिलं: कोणता वर्ग पुरा झाला, कोणत्या वर्गातून मध्येच का उठले. बारापैकी चार वर्ग पुरे झाले.

आधी वाटलं, आपलंच मन लागत नाही. मग उठण्याची कारणं वाचली. दूधवाला, तुमच्या बहिणीचा, फुफूचा, फोन, कुकर. अम्मी म्हणायची, "मोबाइलच तर बघतेस, जरा दार उघड." तिचं चुकत नाही. घरात बसलेली मुलगी वर्गात आहे, हे कुणाला दिसत नाही. पुरे झालेले चारही वर्ग मी शिफ्ट सुटल्यावर कारखान्याच्या कँटीनमध्ये पाहिले होते.

म्हणजे शिकायचं तर रोज तासभर उशिरा घरी यायचं. पण तुम्ही कुवेतहून होकार दिलात तो "घरात बसून शीक" म्हणून.

काल कारणांचा कागद अम्मीला दाखवला. तिने तो दोनदा वाचला. "यात मीच जास्त आहे की गं," म्हणाली. मग कागदाची घडी घालून, "भर फॉर्म. अब्बांना सांगू, ओव्हरटाइम आहे."

कॉलेजचा फॉर्म भरला. हे पत्र पाठवलं तर बोलणी अम्मी खाईल, म्हणून ते कपाटात राहील. शुक्रवारी नमाजानंतर तुमचा फोन येईल, तेव्हा मी ओव्हरटाइमच सांगेन. खोटं रीडिंग देण्याची माझी ही पहिलीच वेळ.

तुमची
रिदा