शनिवारचा उपदेश

पप्पा, उद्या सकाळी मला उपदेश करायचा आहे. आपल्याच चर्चमध्ये, तुम्ही ज्या पुलपीटमागे उभे राहायचात तिथेच. पाळकसाहेबांचं ऑपरेशन झालंय, ते घरी पडून आहेत, आणि पंचकमिटीला ऐनवेळी कोणी मिळेना, म्हणून जुन्या पाळकाची मुलगी आठवली. सेक्रेटरींचा फोन आला तेव्हा मी मटार सोलत होते. म्हणाले, "मॅडम, जरा पॉझिटिव्ह बोला. लोक आठवडाभर टेन्शनमध्ये असतात, चर्चमधून जाताना बरं वाटलं पाहिजे. आणि लांबवू नका, आपलं लाइव्ह जातं ना. शेवटी एक छोटीशी सूचना आहे, तेवढी वाचून टाका." मी हो म्हटलं. मग ती सूचना मोबाइलवर आली, आणि मटार तसेच ताटात राहिले.

सूचना अशी आहे, की हरसूलकडच्या कुटुंबांसाठी पुढच्या रविवारपासून दुपारी, मागच्या पत्र्याच्या हॉलमध्ये, वेगळी उपासना होईल. "त्यांच्या सोयीसाठी," असं त्यात लिहिलंय. तुमच्या वेळी ही डोंगरातली आदिवासी माणसं मोजकी होती. आता बांधकामावर, मळ्यांत, सातपूरच्या कारखान्यांत कामाला आली ती इथेच राहिली, लेकरंबाळं झाली, आणि रविवारी निम्मं चर्च त्यांनीच भरतं. त्यांची मुलं रडतात, तो आवाज लाइव्हमध्ये जातो. त्यांच्या बायका गाण्याची ओळ आपल्यापेक्षा लांबवतात. या झाल्या सांगायच्या तक्रारी. न सांगायच्या तुम्हाला ठाऊक आहेत, त्यात काही फरक पडलेला नाही. मी सेक्रेटरींना विचारलं, "त्यांना कोणी विचारलं का?" तर म्हणतात, "अहो, त्यांच्यासाठीच तर करतोय." आणि पप्पा, ती सूचना लिहिली आहे तुमच्या जावयाने. खजिनदार आहेत ते. अक्षर नको ओळखायला, ती भाषाच ह्यांची. 'सोय' हा ह्यांचा आवडता शब्द आहे.

तेव्हापासून तुम्ही डोक्यातून जात नाही. उपदेश म्हटलं की लोकांना रविवार आठवतो, मला शनिवार आठवतो. शनिवारी दुपारी आई भाकऱ्या थापायला बसायची आणि तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला टेकून उद्याचा उपदेश तिला ऐकवायचात. हातात कागद नाही, पायात चपला नाहीत, लेंगा-बनियनवर. आई मान वर करायची नाही. भाकरी थापत, फिरवत, तव्यावर टाकत ऐकायची, आणि एखाद्या ठिकाणी म्हणायची, "हे कळलं नाही," किंवा "हे तुम्ही मागच्या महिन्यात सांगितलंय." कधी नुसतं, "हं." हं आलं की तुम्ही खूश. माझं काम भाकरीवर पाणी फिरवायचं. पुढे ईश्वरशास्त्र शिकलेले मोठमोठे लोक मी ऐकले, पण बायकोच्या परवानगीशिवाय पुलपीटवर न चढणारा पाळक मी एकच पाहिला.

मी लहानपणी त्या बाहेरगावच्या प्रचारकाची नक्कल केली होती, आठवतं? तो माइक तोंडात घालून ओरडायचा, घाम पुसायचा, मध्येच हात वर करून थांबायचा. मी जेवताना पळी हातात घेऊन तस्संच केलं. आईला हसू आवरेना. तुम्ही हसला नाहीत, रागावलाही नाहीत. म्हणालात, "आवाज छान काढलास. आता काय सांगायचंय ते सांग." माझी पळी हातातच राहिली. मला काहीच सांगायचं नव्हतं. तुम्ही म्हणालात, "मग बस, जेव. सांगायचं असेल तेव्हा उभी राहा." एवढं बोचलं होतं तेव्हा, की मी भात अर्धा टाकला. आज वाटतं, उपदेशाबद्दल मला कोणी काही शिकवलं असेल तर ते तेवढंच.

मग तो शनिवार. द्राक्षांचे दिवस होते. प्रभुभोजनाच्या प्याल्यातला द्राक्षरस आई घरीच करायची. पंचवटीच्या बाजारातून काळी द्राक्षं आणायची, उकळायची, फडक्यातून गाळायची, बाटल्या भरून ठेवायची. त्या दिवशी चुलीवर द्राक्षं रटरटत होती आणि तुम्ही दारात उभे. पण उपदेश सुरूच करेनात. आई म्हणाली, "बोला की. भाकरी थांबत नाही." तेव्हा तुम्ही तो प्याल्याचा विषय काढलात. आपल्याकडे तेव्हा एकच चांदीचा प्याला. लोक वेदीसमोरच्या कठड्याशी गुडघे टेकायचे, तुम्ही प्याला एकेकाच्या ओठाला लावायचात, पुसायचात, पुढच्याला द्यायचात. आणि जुनी घराणी आधी उठायची. कोणी ठरवलेलं नव्हतं, कुठे लिहिलेलं नव्हतं. पण हरसूलची माणसं मागे चटईवर बसून राहायची, आणि सगळे जाऊन आल्यावरच उठायची. त्यांचे ओठ लागलेला प्याला पुन्हा कोणाकडे येऊ नये, एवढीच ती व्यवस्था. ख्रिस्ती होऊन आपल्या पिढ्या गेल्या, पण मनातला विटाळ काही गेला नव्हता.

तुम्ही अगदी हळू बोलत होतात. म्हणालात, "ही द्राक्षं बघ. मळ्यात ही कोणी खुडली? त्याच बायकांनी. घड त्यांच्या हातचा चालतो, त्या घडाचा रस चालतो. प्याला मात्र त्यांच्या ओठचा चालत नाही." आईचा हात परातीत थांबला. तो थांबलेला मी पहिल्यांदाच पाहिला. पहिल्या बाकावर ती बसायची, आणि कठड्याशी सगळ्यांत आधी तीच जायची. ती म्हणाली, "म्हणजे हे माझ्याबद्दल आहे." तुम्ही म्हणालात, "तुझ्याबद्दल, आणि माझ्याबद्दलही. दर वेळी पहिला प्याला तुला मीच देतो." भाकरी करपायला लागली. मी उलटली, माझं बोट भाजलं, कोणाचं लक्ष नाही. आईचे डोळे भरले होते, रागाने की कशाने, कोण जाणे. मग म्हणाली, "उद्या हे असंच मोघम बोलू नका. लेकी बोले सुने लागे, असला उपदेश करायचा असेल तर करूच नका. जो तो शेजाऱ्याकडे बघेल आणि सुटेल. माझं नाव घ्या." तुम्ही म्हणालात, "तुला चालेल?" ती म्हणाली, "चालणार नाही. पण घ्या."

आणि तुम्ही घेतलंत. मी पहिल्या बाकावर आईच्या शेजारी बसले आहे. तुम्ही पुलपीटचा कठडा धरून उभे आहात आणि आवाज चढवत नाही आहात. तुम्हाला खरा राग आला की तुमचा आवाज खाली जायचा, आणि लोक ऐकायला पुढे वाकायचे. "माझी पत्नी प्रभुभोजनाला सगळ्यांच्या आधी येते," तुम्ही म्हणता, "का ते तिला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, आणि तुम्हालाही ठाऊक आहे." मग द्राक्षांचं सांगता. तिथे तुमचा आवाज फाटतो. तुम्ही पुढे बोलायला जाता आणि बोलवत नाही, आणि तुम्ही ते लपवतही नाही. तेवढ्यात आई उठते. मला वाटतं, ती रागावून घरी निघाली. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं होतं. पण ती मधल्या वाटेने मागे जाते, चटईपाशी थांबते. तिथली एक बाई घाबरून सरकते, म्हणते, "बाय, हितं धूळ हाय. तुमी पुढंच बसा ना." आई म्हणते, "असू दे. सर जरा." आणि पदर आवरून खाली बसते. त्या दिवशी ती सगळ्यांत शेवटी कठड्याशी आली, त्या बाईच्या नंतर. तुम्ही प्याला पुसला नाहीत.

त्याचं काय झालं तेही आठवतं. काही घरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, एक घर तर चर्च सोडून गेलं. पुढच्या वर्षी तुमची बदली झाली, देवळ्याच्या पलीकडे, कांद्याच्या चाळींच्या गावात, जिथे उपासनेला मूठभर माणसं. मी रडून गोंधळ घातला, माझी शाळा, माझ्या मैत्रिणी. तुम्ही खजील होऊन आईकडे पाहिलंत. आई ट्रंक भरत होती. म्हणाली, "कांदा स्वस्त मिळेल." झालं, एवढंच. पण पप्पा, इथे त्या दिवसापासून चटई उचलली गेली. पुढे लोक मिसळून बसू लागले, मिसळून उठू लागले. आज जी तरुण पोरं गिटार घेऊन पुढे बसतात, त्यांना ही चटई कधी होती हेच माहीत नाही. एका उपदेशाने एवढं केलं. उपदेशाने काय होतं, असं कोणी म्हटलं की मी आजही भांडायला उठते.

हल्लीचे उपदेश तुम्ही ऐकले नाहीत ते बरंच. वाईट नसतात. पडद्यावर वचनं येतात, फुलांची चित्रं येतात. एक प्रकार गोड, दुसरा जोरात. गोडवाले सांगतात, देव तुमच्यासाठी दार उघडणार आहे, नोकरी मिळणार आहे, व्हिसा मिळणार आहे. जोरवाले ओरडतात, पण ओरडतात ते दूर कुठेतरी असलेल्या पापावर, आपल्या बाकावरच्या नाही. तुम्ही म्हणायचात, संदेष्टा म्हणजे भविष्य सांगणारा नव्हे, हात बघणारे घाटावर पुष्कळ बसतात; संदेष्टा म्हणजे आज आपल्या घरात काय चाललंय ते आजच सांगणारा. आणि म्हणायचात, ज्याला लोकांची माया नाही त्याने लोकांना झोडपू नये. त्या रविवारी तुम्ही झोडपलंत, पण ज्यांना झोडपलंत त्यांच्याच आजारपणात रात्रंदिवस बसणारे तुम्हीच होतात. म्हणून ते लागलं. आता दुखणं सगळ्यांना दिसतं आणि जो तो वरून पावडर लावतो. मंडळीला आग हवी असते, पप्पा, नुसती ऊब नाही. ऊब काय, स्वेटरनेही मिळते.

माझा उपदेश लिहून झाला आहे. सूचना मी वाचणार आहे, शब्दन् शब्द, आणि मग ती चटई पुन्हा अंथरली जाते आहे हे सांगणार आहे. कोरोनापासून आपल्याकडे प्लास्टिकचे छोटे प्याले आले, प्रत्येकाचा वेगळा. तेव्हा मीही सुटकेचा निःश्वास टाकणाऱ्यांत होते, तेही उपदेशात आहे. लिहिताना अडले ती एकाच जागी. सूचना कोणी लिहिली तिथे. "कमिटीने" असं आधी लिहिलं. मग आईचा आवाज कानात आला आणि ते खोडलं.

तुमचा जावई वाईट माणूस नाही, हीच तर पंचाईत. हरसूलच्या एका म्हाताऱ्या बाईला मागे रात्री सिव्हिलला गाडीतून कोणी नेलं? ह्यांनीच. गाडीत बसवतात, पण बाकावर शेजारी नको, असं ह्यांच्या मनात असेल असं ह्यांना स्वतःलाही वाटत नाही. इतकी वर्षं संसार झाला. ह्यांच्याशी मी कांद्याच्या भज्यांवरून भांडले आहे, मुलाच्या ॲडमिशनवरून भांडले आहे, या गोष्टीवरून कधी नाही. परस्पर उद्या पुलपीटवरून ह्यांचं नाव घेतलं, तर तो उपदेश नव्हे, चहाडी होईल. आणि न घेता बोलले, तर प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बघेल आणि सुटेल.

सूर्य कलला आहे. हे बाहेरच्या खोलीत पेपर वाचताहेत, आत्ताच विचारलं, "अगं, चहा ठेवतेस का?" मी म्हटलं, "ठेवते, पण आत येऊन बसा. मला काहीतरी ऐकवायचंय." पेपरची घडी घातल्याचा आवाज आला. खुर्ची सरकली. हे पत्र आता मिटते, तसंही तुमच्याकडे जाणाऱ्या वाटेवर पोस्ट नाही. तुम्हाला मी आयुष्यभर त्या रविवारसाठी मानत आले, चारचौघांत तुमची तीच गोष्ट सांगत आले. आज पहिल्यांदा उंबऱ्यापाशी उभी आहे, आणि कबूल करते, उद्याच्या चर्चची मला मुळीच भीती वाटत नाही. वाटते ती या स्वयंपाकघराची.