आम्ही दोघंच

शुक्रवार, संध्याकाळ

बाबा सुताराला म्हणाले, "आता काय, आम्ही दोघंच की ओ," आणि तिथंच माझं डोकं फिरलं. इथल्या कपाटाचं माप घ्यायला टेपचं दुसरं टोक धरून मी समोरच उभा होतो!

ताई गडहिंग्लजला नांदते, दादा पुण्यात. म्हणून हे घर विकून लांब एका बेडरूमचा फ्लॅट. आणि मी? कॉलेज सोडलं म्हणजे घर पण सोडलं? तिथं आईच्या वर्षभराच्या चटणीच्या बरणीला फळी निघाली, माझ्या कॉटला जागा न्हाय.

"तूच म्हणालतास की, या घरात ऱ्हात न्हाय म्हणून." बाबांचं उत्तर तयार. अहो, रागात म्हणालो! तसं मी रोजच म्हणतो.

आई म्हणाली, "हॉलमध्ये झोप की. या घरात एवढं काय अडलंय तुझं?"

काय सांगू? समोरच्या गच्चीवर सायली येते, हे? सुताराच्या देखत? बरणीला फळी, म्हणे! तिच्याशी बोलायचं रोज उद्यावर ढकलत आलो. आता पुढच्या महिन्यात गच्चीच दिसणार न्हाय.

ती आत्ता वाळलेले कपडे काढायला आलीय. बास. आज सांगतोच.

आई ओरडतेय, "चहा टाकलाय, कुठं निघालास?"

आधी सायलीला सांगतो, मग तुला. दार ओढून घेतो आणि निघतो.