आपाने सांगितलेला मायनस

शुक्रवार, १५ डिसेंबर १९८९. संध्याकाळ.

उद्या आपाचा निकाह आणि सोमवारी माझा गणिताचा पेपर. साइन तीन पंचमांश, कोन दुसऱ्या चरणात, कॉस काढा. मी वर्गमूळ काढून चार पंचमांश लिहून मोकळी.

आपाचे दोन्ही हात ओल्या मेंदीने भरलेले, तरी वाकून बघितलंच तिने. "अगं, चरण कोणता? मायनस टाक." पेन्सिल धरता येईना तिला, मीच टाकला. बारावीला कॉलेजात पहिली आलेली ही! अब्बांनी पुढे शिकू दिलं नाही.

"सासरी खारबावला कोणाला शिकवशील?" कशाला विचारलं मी? तिचे डोळे भरले. मेंदीमुळे पुसताही येईनात, मी ओढणीने पुसले.

पुढच्या गणितात मायनस मुद्दाम गाळला, तिने सांगावं म्हणून. ती बघत होती. शेवटी मायनस मीच टाकला.