अस्वेज म्हणजे पाय कापणं नव्हे

डिचोली, ता. ३ फेब्रुवारी १९६७

सौ. सुलोचनेस अनेक आशीर्वाद.

मी बरा आहे, हे आधी वाच आणि मग पुढचं.

पंधरा दिवसांमागे खाणीवर ट्रकचा मागचा फाळका माझ्या डाव्या पायावर पडला. तू धावत येशील म्हणून कळवलं नाही. परवा डॉक्टरांनी इंग्रजी चिठ्ठी दिली. पाय आणि दुखणं एवढे शब्द मला लागले, पण त्यांच्या अलीकडे 'अस्वेज' असा एक शब्द होता. सोबतचा शंभू म्हणाला, "पाय कापायचं लिहिलंय की काय?"

काठी टेकत फार्मासीत गेलो. तिथले वामनबाब पोर्तुगीज शाळेत शिकलेले. चिठ्ठी वाचून ते हसले.

"मूळ लॅटिन शब्द, गोड या अर्थाचा. आमच्या पोर्तुगीजमध्ये त्याचं 'सुआव्ह' झालं, म्हणजे मऊ, सौम्य. इंग्रजीत अस्वेज म्हणजे दुखणं हलकं करणं. भूक, राग, दुःख, सगळ्यांना तो चालतो. या गोळ्या त्यासाठीच. पाय राहतो हो तुमचा!"

मी तिथेच बाकावर बसून रडलो.

सूज उतरायला महिना जाईल. ट्रक पुन्हा चालवता येईल का, ते अजून विचारलेलं नाही. शंभूची बायको गंगा दोन्ही वेळा पेज आणून देते.

बाळीचा खोकला थांबला का? गाय व्याली का?

आईला हे वाचून दाखवशील तेव्हा फाळका गाळ. पाय नुसता मुरगळला होता, असं वाच.

तुझा,
जयराम